आमच्या घरचा ब्रदर

आमच्या घरच्या कपाटात, वरच्या खणात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन पाटल्या, एक तुटकी साखळी आणि आजीच्या कानांतल्या कुड्यांची जोडी असा ऐवज पांढऱ्या रुमालात बांधून कित्येक वर्षे पडून होता. हे सोने लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले नव्हते आणि अडल्या वेळेसाठीही नव्हते. ते चषकाचे सोने होते. आमचा धाकटा मुलगा धर्मगुरू होईल, त्याच्या पहिल्या मिस्सेसाठी आपण चांदीचा चषक घडवून घेऊ आणि त्याला आतून या सोन्याचा मुलामा देऊ, असे आम्ही उभयतांनी त्याच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीच मनोमन ठरवून टाकले होते. धाकट्याला विचारण्याचे अर्थातच कोणाच्या मनात आले नाही. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

वसईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्या गावांतील गुरुदीक्षेचा सोहळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आमचा लोभ कळेल. आठ दिवस आधी मांडव पडतो, घराला रंग लागतो, दूर दिलेल्या लेकी मुलाबाळांसह येऊन राहतात. नवे धर्मगुरू दारातून निघतात तेव्हा ब्रास बँड वाजतो आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसे हात जोडून उभी राहतात. सोहळा संपल्यावर पहिल्या आशीर्वादासाठी रांग लागते. ज्यांनी त्या पोराला लहानपणी कैऱ्या चोरल्या म्हणून झोडपलेले असते ते म्हातारेही त्या रांगेत उभे असतात. त्या दिवसापासून त्या घरातील आई ‘फादरची आई’ होते आणि हे बिरुद तिला मरेपर्यंत पुरते. आमच्या आळीत अशा तीन माता होत्या. चौथी होण्याची इच्छा धरणे हे पाप आहे, असे आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

२००६ साली, विद्युत अभियांत्रिकीची पदविका चांगल्या गुणांनी पदरात पडल्यावर, एका रात्री जपमाळेची प्रार्थना आटोपताच तो म्हणाला, “मी येशूसंघात जायचं ठरवलंय.” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या रात्री तो झोपल्यावर डबा खाली काढला, उघडून पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला, हे आता सांगायला हरकत नाही.

येथे थोडा खुलासा केला पाहिजे, कारण आम्हांलाही तेव्हा तो नीट ठाऊक नव्हता. धर्मप्रांतासाठी धर्मगुरू घडविणाऱ्या सेमिनरीत (आपल्या बाजूची पुष्कळ मुले गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत शिकली) जो जातो तो धर्मगुरू होण्यासाठीच जातो. व्रतस्थ संघांचे तसे नसते. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, सालेशियन अशा संघांत दोन पाचारणे एकाच छपराखाली नांदतात. कोणी व्रतस्थ धर्मगुरू होतो, तर कोणी व्रतस्थ ब्रदर. काही संघ तर केवळ ब्रदरांचेच आहेत. बोरिवलीच्या माउंट पोयसरचे फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदर्स आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असतील. ब्रदर मिस्सा अर्पण करीत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते त्याचीही असतात आणि तो संघाचा पुरता सभासद असतो. शिक्षण झेपले नाही म्हणून अर्ध्या वाटेवर थांबलेला फादर, असा ब्रदरचा जो अर्थ आपल्याकडे सर्रास लावला जातो, तो चुकीचा आहे. तोच अर्थ आमच्याही डोक्यात होता.

म्हणूनच त्याच्या प्रवेशाच्या अर्जावर ‘ब्रदर’ हा शब्द त्याच्या अक्षरात पाहिला, तेव्हा आम्हांला प्रथम वाटले की तो घाईत चुकला असावा. अर्ज मेजावर उघडाच पडला होता. आम्ही तो दुरुस्त करण्यासाठी त्याला हाक मारली. तो म्हणाला, “चुकलं नाही, आई. मी तेच लिहिलंय.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्या संघाच्या वरिष्ठांना जाऊन भेटलो. आपल्या मुलाला कमी लेखले गेले आहे, त्याला कोणीतरी कमी प्रतीच्या रांगेत उभे केले आहे, असा आमचा ठाम समज होता आणि जरा चढ्या आवाजातच आम्ही तो त्यांच्यापुढे मांडला. त्याचे गुणपत्रकही सोबत नेले होते. त्यांनी ते शांतपणे वाचले, चहा मागविला आणि म्हणाले, “आम्ही कोणाला ब्रदर व्हायला भाग पाडत नाही. उलट त्याला आम्ही दोनदा विचारलं, नक्की का? आता तुम्ही विचारा.” मग मुलाला आमच्याजवळ बसवून ते बाहेर निघून गेले.

त्याने जे सांगितले ते तेव्हा आम्हांला पटले नाही, पण शब्द मात्र जसेच्या तसे लक्षात राहिले. शाळेत असताना तो सुट्टीत आदिवासी भागातल्या एका मिशनवर शिबिराला गेला होता. तेथे एक म्हातारे ब्रदर होते. ते दिवसभर पंपाखाली पाठ टेकून पडलेले असत आणि रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेले असत. “वेदीची मला ओढ नाही असं नाही,” तो म्हणाला, “पण मला बोलावणं आलं ते मागच्या दारानं. त्या दारानंच मी आत जाणार.”

येताना गाडीत आम्ही कोणीच बोललो नाही. पुढे मात्र, जे करायला नको होते ते आम्ही करीत राहिलो. लोक विचारत, “धाकटा काय करतो?” आम्ही म्हणत असू, “सेमिनरीत आहे.” यात अक्षरही खोटे नव्हते, असे आम्ही स्वतःला समजावीत होतो. ऐकणारा आपल्या समजुतीप्रमाणे पुढचे वाक्य पुरे करी, “वा! फादर होणार तर!” आणि आम्ही हसून पदर किंवा शर्टाची बाही सारखी करीत असू. हे वाक्य आम्ही बारा वर्षे वापरले.

सेमिनरी या शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी उघडावी असा निर्णय केला, तेव्हा हाच शब्द योजला. वाडीत राबणाऱ्या आपल्या लोकांना तो सहज कळावा. वाफ्यात रोप कसे दाटीने वाढते, मग ते उपटून दुसरीकडे लावताना मुळाला हवा लागून दोन दिवस कसे मान टाकते, हे आपण रोज पाहतो. येशूसंघात या वाफ्याला नॉव्हिशिएट म्हणतात. ते दोन वर्षांचे असते. धर्मगुरू होऊ पाहणारे आणि ब्रदर होऊ पाहणारे, दोघेही त्यात एकत्रच असतात.

ठरावीक रविवारी भेटीची मुभा होती. पहिल्याच भेटीत आम्ही पाहिले ते दृश्य म्हणजे, घरी जेवल्यावर स्वतःचे ताट मोरीपर्यंत न नेणारा आमचा मुलगा गुडघ्यांवर बसून संडासाची फरशी घासत होता. शेजारी दुसरा एक तरुण बादली घेऊन उभा होता. तो अभियांत्रिकीचा पदवीधर असून धर्मगुरू होणार आहे हे कळल्यावर आमच्या मनाला किंचित बरे वाटले. आपला मुलगा ब्रदर म्हणून हे करीत नाही, हे समाधान! आज ते आठवले की आमची आम्हांलाच लाज वाटते.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या संविधानात नवदीक्षितांसाठी सहा कसोट्या घालून दिल्या आहेत. पावणेपाचशे वर्षे उलटली तरी त्या बदललेल्या काळाला मानवतील अशा रीतीने आजही घेतल्या जातात. त्यांत पहिली एक महिन्याच्या मौनसाधनेची. इग्नेशियस १५२२ साली मान्रेसा गावी ज्या अनुभवांतून गेले, त्यांतून त्यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटे पुस्तक सिद्ध झाले आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. ते पुस्तक वाचायचे नसते, करायचे असते. महिन्याचे चार भाग पाडून त्यांना ‘आठवडे’ म्हणतात. पहिल्यात स्वतःचे पाप आणि देवाची करुणा, पुढच्या तिहींत प्रभूचे जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान. मुलगा त्याबद्दल फारसे बोलला नाही. “पहिला आठवडा जड जातो,” एवढेच म्हणाला. बडबड्या पोराच्या तोंडून एवढे तोकडे उत्तर ऐकून आम्हीच गप्प झालो.

दुसरी कसोटी रुग्णालयातल्या सेवेची. महिनाभर तो अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची अंगे पुसत होता. तिसऱ्या कसोटीने मात्र आमची झोप उडवली. ती म्हणजे यात्रा. खिशात एक पैसा न ठेवता, एका सोबत्याबरोबर पायी निघायचे, मिळेल तेथे मागून खायचे आणि मिळेल तेथे झोपायचे. महाराष्ट्राला माधुकरी परकी नाही आणि वारीही परकी नाही. पण आपलाच मुलगा झोळी घेऊन निघतो तेव्हा हे सारे संस्कार कोठे जातात कोण जाणे! आमच्या एका नातलगाने त्याला महामार्गावर एका ढाब्यामागे, नळाखाली पाय धूत असताना पाहिले. त्याने तत्काळ फोन केला, “अहो, तुमचा मुलगा भीक मागत फिरतोय!” आम्ही म्हणालो, “सेमिनरीतला अभ्यासच आहे तो.” फोन ठेवल्यावर दोघांपैकी एकाने रडून घेतले. कोणी, ते येथे सांगत नाही.

त्या यात्रेतली एक गोष्ट त्याने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितली. संध्याकाळी एका वारली पाड्यावर ते दोघे पोहोचले. एका झोपडीतल्या बाईने काही न विचारता नागलीची भाकर आणि थोडे कालवण त्यांच्यापुढे ठेवले आणि आपली दोन मुले घेऊन ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. पाहुण्यांना मोकळेपणी जेवता यावे म्हणून ती बाहेर गेली, असे त्यांना वाटले. भांडी परत देताना चूल पाहिली, ती विझलेली होती आणि टोपलीत काही उरले नव्हते. “त्या रात्रीपासून मी त्या पाड्याचं देणं लागतो,” तो म्हणाला. आम्ही वाडीवाले लोक. देणे म्हटले की आम्हांला सोसायटीचे कर्ज आठवते. हे देणे कोणत्या वहीत लिहायचे, ते आम्हांला समजायला वेळ लागला.

२००८ साली त्याची पहिली व्रते झाली. सात तरुण पवित्र ख्रिस्तप्रसादासमोर एकामागून एक गुडघे टेकून व्रतांचे शब्द उच्चारीत होते. सहा जण धर्मगुरुपदाच्या वाटेचे, सातवा आमचा. शब्द तेच होते. डोळे मिटून ऐकणाऱ्याला यांतला ब्रदर कोण, हे ओळखता आले नसते. आम्ही डोळे उघडे ठेवून ऐकले आणि त्यामुळे आमचे नुकसान झाले.

त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या. त्या सहा जणांपुढे दहा-अकरा वर्षांचा मार्ग होता. भाषांचा अभ्यास, महाविद्यालयाची पदवी, मग तत्त्वज्ञान, मग एखाद्या शाळेत वा मिशनवर दोनेक वर्षे काम, मग ईशज्ञान आणि शेवटी दीक्षा. त्यांतील काही पुण्याला गेले. नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे आणि त्याला लागूनच ती सेमिनरी, जी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेत कँडी येथे स्थापन केली आणि १९५५ साली पुण्याला आणण्यात आली. एकदा आम्ही तेथे जाऊन आलो. देशाच्या सर्व कोपऱ्यांतली मुले, प्रशस्त ग्रंथालय, झाडांच्या रांगा. परतताना वाटले, हे सारे आपल्या मुलाच्या हातचे गेले.

त्याची वाट निराळी होती. बायबल आणि ईशज्ञानाचे वर्ग त्यालाही होते. हिशेब, शेती, वसतिगृहाची व्यवस्था, वीज आणि पाणी हे त्याचे इतर विषय. आम्ही मात्र त्या सहा जणांच्या प्रगतीचा हिशेब ठेवीत होतो. कोण तत्त्वज्ञान संपवून आला, कोणाचे ईशज्ञान सुरू झाले, कोणाला उपदीक्षा मिळाली. दोघे मधेच संघ सोडून बाहेर पडले. त्यांतला एक आज बँकेत आहे आणि दरवर्षी नाताळात आमच्याकडे येतो. तो गेल्याचे कळले तेव्हा आमच्या मनात चमकून गेलेला विचार असा, की आता जागा रिकामी झाली आहे. वरिष्ठ आपल्या मुलाला त्या रांगेत घेतील काय? जणू ती बसमधली जागा होती.

ब्रदरांना कमी लेखण्याची ही सवय आपल्या एकट्याची नाही आणि आजची तर मुळीच नाही. १५४६ साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला धर्मगुरूंच्या जोडीला साहाय्यक बंधू घेण्याची परवानगी दिली. त्यांना ‘ऐहिक साहाय्यक’ असे नाव पडले. हे नावच असे होते, की स्वर्गाचे काम एकाचे आणि भाजीबाजाराचे दुसऱ्याचे असे वाटावे. कित्येक मठांत ब्रदरांची जेवणाची आणि विसाव्याची जागाही वेगळी असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली व्रतस्थ जीवनावरील आपल्या आदेशात या बंधूंना संघजीवनात बरोबरीने सामावून घेण्यास सांगितले. येशूसंघाच्या महासभेने १९९५ साली ते जुने नाव बाजूला ठेवून ‘ब्रदर’ हेच नाव पत्करले. २०१५ साली रोमहून ब्रदरांच्या पाचारणावर स्वतंत्र दस्तऐवज निघाला, आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा संघांत ब्रदरालाही मोठा वरिष्ठ नेमता येईल, त्यासाठी धर्मपीठाची परवानगी घ्यावी, अशी वाट मोकळी केली. पावणेपाच शतकांचा हा प्रवास. आमच्या आळीत तो अजून पोहोचायचा आहे.

तरी या दुय्यम म्हटलेल्या रांगेतून किती मोठी माणसे गेली! स्पेनचे संत अल्फान्सो रॉड्रिग्ज हे लोकरीचे व्यापारी. बायको गेली, मुले गेली, धंदा बुडाला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, १५७१ साली, ते येशूसंघात ब्रदर झाले. मायोर्का बेटावरच्या विद्यालयाचे ते द्वारपाल होते आणि सुमारे चाळीस वर्षांहून अधिक काळ दार उघडणे-लावणे हेच त्यांचे काम होते. दारावर थाप पडली की प्रभूच उभा आहे असे समजून ते उठत. त्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या पीटर क्लेव्हर नावाच्या विद्यार्थ्याला त्यांनीच अमेरिकेकडे जाण्याची प्रेरणा दिली, आणि गुलामांच्या जहाजांत उतरून त्यांची सेवा करणारा तो महान धर्मगुरू व द्वारपाल अल्फान्सो या दोघांना पोप तेरावे लिओ यांनी १८८८ साली एकाच दिवशी संत घोषित केले. हे सारे आम्ही नंतर वाचले. वाचण्याची गरज भासली ती २०१८ सालच्या डिसेंबरात.

त्या महिन्यात त्याच्या बरोबरीच्या एकाची गुरुदीक्षा झाली. मुलगा आपल्याच भागातला, त्यामुळे आम्हांला आग्रहाचे आमंत्रण होते. मांडव, बँड, फुलांची कमान, सर्व काही यथासांग. आमचा मुलगा दोन दिवस आधीच तेथे गेला होता. मिस्सा चालू असताना तो वेदीजवळ दिसेना म्हणून आम्ही मान उंचावून पाहिले, तर तो मांडवाच्या कडेला, ध्वनिक्षेपकाच्या यंत्राजवळ, गळ्यात वायरचे वेटोळे घालून उभा होता. दीक्षेच्या क्षणी मात्र त्याने वेटोळे खाली ठेवले आणि तेथेच गुडघे टेकले.

जेवणाच्या वेळी आमच्या आळीतल्या एक काकू आमच्याजवळ आल्या आणि त्यांनी साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “मग तुमच्या फादरची दीक्षा कधी? आता तुमचाच नंबर ना?” मुलगा नेमका मागे पाण्याचा जग घेऊन उभा होता. आम्ही काही बोलण्याच्या आत तो म्हणाला, “काकू, मी ब्रदर आहे. माझी व्रतं होऊन दहा वर्षं झाली. आईबाबांनी सांगितलं नाही?” काकूंनी आमच्याकडे पाहिले. त्यानेही पाहिले. मग त्याने काकूंच्या पेल्यात पाणी ओतले आणि तो पुढच्या पंक्तीकडे गेला.

त्या रात्री तोच आम्हांला घरी सोडायला आला. तो काही विचारील, रागावेल, अशी आमची अपेक्षा होती. तो अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत राहिला. शेवटी आईलाच राहवले नाही. ती म्हणाली, “मी तुझ्यासाठी संत गोन्सालो गार्सियाला नऊ दिवसांची नवेना केली होती रे. सतत तीन वर्षं. तू फादर व्हावास म्हणून.”

तो मोठ्याने हसला. “मग त्यांनी ऐकली की, आई!”

आम्हांला क्षणभर कळेना. मग एकदम कळले. गोन्सालो गार्सिया! ज्यांच्या नावाने आपण शाळा-महाविद्यालये काढली, ज्यांच्या मूर्तीपुढे आम्ही मेणबत्त्या लावल्या, ते वसईचे आपले संत धर्मगुरू नव्हतेच. ते ब्रदर होते. आयुष्यभर ही गोष्ट आम्ही प्रवचनांतून ऐकली होती आणि एकदाही ती कानांच्या पलीकडे गेली नव्हती. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बाप आणि येथली आई असलेला हा मुलगा किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या शाळेत शिकला, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, ती अवघड भाषा शिकून धर्मशिक्षक झाला. येशूसंघात घ्यावे अशी त्याची तळमळ होती. ती पुरी झाली नाही. मग तो मकावला व्यापार करू लागला. धंदा उत्तम चालला होता. तो सोडून तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले त्यांत तोही होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संत घोषित केले. त्या सव्वीस जणांत धर्मगुरू किती होते, असे मुलाने आम्हांला विचारले. आम्ही अंदाजाने वीस म्हणालो. “तीन,” तो म्हणाला. बाकीचे ब्रदर, विद्यार्थी, धर्मशिक्षक, आचारी, सुतार, वैद्य, आणि लहान मुलेसुद्धा.

ज्या संघाने गोन्सालोला आत घेतले नाही, त्याच संघात आमचा मुलगा ब्रदर म्हणून गेला होता. त्याने ही गोष्ट बोलून दाखवली नाही. आमच्या ती पुष्कळ नंतर ध्यानात आली.

खोट्याबद्दल त्याने एकच वाक्य उच्चारले, तेही निघताना, चप्पल पायात सरकवीत: “तुम्हांला माझी लाज वाटते हे मला माहीत होतं. फक्त इतकी वर्षं वाटेल असं वाटलं नव्हतं.” पापनिवेदनाच्या वेळी गुडघे टेकले की आजही हेच वाक्य प्रथम आठवते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे चार दिवस राहून आलो. तलासरी-डहाणूच्या बाजूला आदिवासी मुलांचे वसतिगृह आहे, तेथे तो असतो. बारा वर्षांत आम्ही तेथे एकदाही गेलो नव्हतो. अंतर गाडीने दोन तासांचे. पहाटे साडेचारला तो पाण्याची मोटार चालू करतो. मग प्रार्थना आणि मिस्सा, मग धान्याचा हिशेब, मग शाळेतून आलेल्या मुलांच्या फाटक्या दप्तरांपासून फुटलेल्या गुडघ्यांपर्यंत सारे काही. दहावीत गळालेल्या मुलांना तो वायरिंग शिकवतो. त्यांच्यातले तिघे आता डहाणूत स्वतःची कामे घेतात. तिसऱ्या रात्री दारावर थाप पडली. लहान आवाज आला, “बरदर!” तो अंधारात उठला, दिवाही न लावता. आम्ही पडल्या पडल्या ऐकत होतो. ती हाक त्या पोराच्या तोंडी अशी होती, की आमच्या आळीत ‘फादर’ हा शब्द कोणी तशा स्वरात उच्चारलेला आम्ही ऐकला नाही.

गेल्या वर्षी तो घरी आला तेव्हा आम्ही डबा त्याच्यापुढे ठेवला आणि चषकाची सारी हकिगत सांगितली. तो बराच वेळ पाटल्यांकडे पाहत राहिला. व्रतामुळे स्वतःसाठी काही घेता येत नाही, हे त्याने सांगितले आणि ते आम्हांला ठाऊक होतेच. मग जरा चाचरत त्याने खिशातून एक कागद काढला. शिकणाऱ्या मुलांना हत्यारे कमी पडतात, एकच पक्कड पाच जणांत फिरते, म्हणून वरिष्ठांना देण्यासाठी त्याने ती यादी केली होती. पाइप पाने, पक्कडी, टेस्टर, दोन मल्टिमीटर, एक ड्रिल मशीन.

कुड्या आम्ही नातीसाठी ठेवल्या. आजीची वस्तू, तेवढी सुटली नाही. बाकीचे सोने विकले आणि मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. आयुष्यात प्रथमच आम्ही पक्कड दाबून पाहिली, दोन कंपन्यांच्या पान्यांतला फरक विचारला. सोने विकून आलेले सारे पैसे संपले नाहीत. उरलेले वसतिगृहाच्या टाकीसाठी पाठवायचे ठरले. दुकानदाराने सामान बांधले, बिलाचे पुस्तक पुढे ओढले आणि कोणाच्या नावे करू, असे विचारले.

“ब्रदरच्या नावे करा,” आम्ही म्हणालो.

“कोणाचे ब्रदर?” त्याने लेखणी थांबवून आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले.

आम्ही संस्थेचे नाव सांगितले. त्याने ते चुकीचे लिहिले. आम्ही खोडून पुन्हा लिहायला लावले. पिशवी भलतीच जड होती. मरीन लाइन्स स्टेशनपर्यंत ती दोघांनी एकेक बंद धरून नेली आणि विरार गाडीत पायांशी ठेवली.